स्टीम इस्त्री पाणी गाळते, डाग पाडते: खोलण्याआधी काय काय बघायचं

मी पुण्यात, धायरीला साड्यांचं प्री-प्लीटिंग करते. म्हणजे निऱ्या आणि पदर आधीच घालून, दाबून, साडी खोक्यात घडी करून द्यायची. नेसणारीने फक्त गुंडाळून पिना लावायच्या. तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे इस्त्री सकाळी तापते ती रात्री जेवायच्या वेळेलाच थंड होते. त्यामुळे इस्त्रीचे सगळे नखरे मला पाठ झालेत, आणि बिल्डिंगमध्ये कुणाचीही स्टीम इस्त्री गळायला लागली की ती पिशवीत घालून माझ्या दाराशी येते. तक्रार दर वेळी तीच असते, आणि बहुतेक वेळा मी स्क्रू ड्रायव्हर हातात न घेताच ती परत देते. काय करते ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी लक्षणं

तुमची इस्त्री यातलं नेमकं काय करते ते बघा:

- वाफेचं बटण दाबलं की वाफेबरोबर पाण्याचे थेंबही येतात. आमच्याकडे याला "इस्त्री थुंकते" म्हणतात.
- सुरुवातीची काही मिनिटं थुंकते, मग सुतासारखी सरळ चालते.
- वाफ बंद असूनही आडवी ठेवली की तळाखाली ओलं होतं.
- पांढऱ्या कपड्यावर चहा सांडल्यासारखे तांबूस डाग, किंवा खडूसारखी पांढरी कणी.
- वाफ मंद झाली आहे, काही भोकांतून तर येतच नाही.
- पाणी तळाच्या भोकांतून न येता मुठीखालून, मागून, वायरीच्या बाजूने झिरपतं.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काहीही करू नका. बटण बंद करा, प्लग काढा आणि सरळ खाली "इथे थांबायचं" या भागावर जा. बाकीच्यांनी क्रमाने या. आधी फुकटचं, मग थोडं खटपटीचं.

पहिलं: ठिपके आणि लाइट

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हातावर पैठणी घेऊन आल्या. मोरपंखी रंग, पदराच्या वर वीतभर अंतरावर पाण्याचे तीन गोल डाग, कडा गडद झालेल्या. संध्याकाळी भाचीची हळद. "अगं, मी तर सिल्कवरच ठेवली होती!" असं त्या तीन-तीनदा सांगत होत्या. त्यांना वाटत होतं आपण काळजी घेतली. गळण्याचं कारणही नेमकं तेच होतं.

स्टीम इस्त्रीच्या पोटात पाणी उकळत ठेवलेलं नसतं. वरच्या टँकमधून एका बारीक झडपेतून थेंब थेंब पाणी खाली तापलेल्या प्लेटच्या कप्प्यात पडतं आणि पडल्या पडल्या त्याची वाफ होते. आपण धिरडं घालायच्या आधी तव्यावर पाण्याचा हबका मारतो ना, तोच प्रकार. तवा तापलेला असेल तर चर्रर्र होऊन पाणी उडून जातं. तापलेला नसेल तर पाणी तिथेच पसरून बसतं. इस्त्रीच्या तव्याला खाली भोकं आहेत, एवढाच फरक. न उडालेलं पाणी तिथून साडीवर येतं.

डायलवरचे ठिपके हे तापमान असतं. कपड्याच्या लेबलवरही तेच ठिपके असतात: एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. घरगुती स्टीम इस्त्रीला वाफेसाठी बहुधा निदान दोन ठिपके लागतात. सिल्क कुठल्या इस्त्रीत एका ठिपक्यावर लिहिलेलं असतं, कुठल्या इस्त्रीत दोनवर. काकूंच्या इस्त्रीत ते एकावर होतं आणि वाफेचा खटका पूर्ण उघडा. बऱ्या इस्त्रीत प्लेट गार झाली की पाणी आपोआप अडवणारी झडप असते. त्यांच्या स्वस्तातल्या इस्त्रीत नव्हती.

म्हणून आधी एवढंच करा. वाफेचा खटका पूर्ण बंद ठेवून डायल तीन ठिपक्यांवर न्या आणि लाइट विझायची वाट बघा. विझला की इस्त्री तापली. मी तो दुसऱ्यांदा लागून विझेपर्यंत थांबते, कारण पहिल्या वेळी प्लेट सगळीकडे सारखी तापलेली नसते. मग वाफ सोडा आणि जुन्या टॉवेलवर फिरवा. थुंकणं थांबलं तर इस्त्री ठणठणीत आहे.

कपड्यांचा क्रमही यातच येतो. इस्त्री भराभर तापते पण गार व्हायला वेळ घेते. म्हणून आधी नायलॉन, पॉलिस्टर, सिल्क कोरडेच करा, मग डायल वाढवून सुती कपडे वाफेवर. पैठणी असेल तर उलट्या बाजूने, वर मलमलचा तुकडा ठेवून, वाफ बंद. जरीवर सरळ वाफ मारू नका.

एक चूक माझीही सांगते. वाफेचा फवारा मारायचं ते वरचं बटण असतं ना, ते निऱ्या बसवायच्या घाईत मी पिचकारीसारखं सटासट दाबायचे. दर दाबाबरोबर बरंच पाणी एकदम प्लेटवर जातं, चार-पाच दाबांत ती गार पडते आणि मग थुंकते. दोन दाबांमध्ये चार-पाच सेकंद जाऊ द्या.

दुसरं: टँक

हे पटकन होतं. "मॅक्स" रेघेच्या वर पाणी भरू नका, भरण्याच्या भोकातून ते बाहेर येतं. पाणी भरताना प्लग काढलेला आणि खटका बंद. काम झालं की टँक रिकामा करा, खटका बंद करा आणि इस्त्री उभी ठेवून गार होऊ द्या. आठवडाभर पाणी भरून आडवी ठेवलेली इस्त्री पुढच्या वेळी पहिल्या कपड्यावर तांबूस पाणी ओकणारच. ते आत साचलेलं पाणी असतं.

तिसरं: डाग इस्त्रीचा की कपड्याचा?

एक स्वच्छ पांढरा सुती फडका घ्या, नुसत्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून पिळा. इस्त्री पूर्ण तापवून त्यावर भरपूर वाफेसकट पाच मिनिटं फिरवा. फडका पांढराच राहिला तर डागाचं मूळ तुमच्या कपड्यात आहे.

आणि ते बऱ्याचदा असतंच. साबण नीट निघाला नाही, किंवा कपड्याला खळ जास्त झाली, की ती गरम प्लेटखाली करपते आणि तपकिरी होते. मशीन "क्विक वॉश"वर लावून पावडर मात्र ओंजळभर टाकणाऱ्या घरांत हा डाग हमखास. इलाज सोपा: पावडर कमी, एक खळबळणं जास्त. खळीचा स्प्रे मारला असेल तर तो कपड्यात मुरू द्या आणि इस्त्री उलट बाजूने करा. खळ, अत्तर, गुलाबपाणी यातलं काहीही टँकमध्ये घालायचं नाही. "छान वास येतो" म्हणून घातलेलं सगळं आत जळतं आणि भोकांतून परत येतं.

प्लेटवरच काळा चिकट थर असेल तर तो खळीचा नाहीतर वितळलेल्या नायलॉनचा. प्लग काढून, प्लेट कोमट असताना ओल्या सुती फडक्याने पुसा; गेला नाही तर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट. तारेची घासणी, चाकू, वाळूचा कागद, काही नको. गरम प्लेटवर तापावरची गोळी घासायची युक्ती फिरत असते. त्याने थर निघतो, पण खोलीभर जो धूर होतो तो नाकात घेण्याजोगा नाही, आणि वितळलेली गोळी भोकांत उतरते ती वेगळीच. मी ते करत नाही.

चौथं: पाणी कुठल्या नळाचं?

उरलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पुण्यात "आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी आहे" हे वाक्य अर्धंच खरं असतं. खडकवासल्यातून येणारं पाणी धरणाचं, पावसाचं; त्यात क्षार तसे कमी. पण धायरी, वाघोली, उंड्री अशा शहराच्या कडेच्या भागांत टँकर आणि बोअर सुटत नाहीत. आणि कित्येक सोसायट्यांत स्वयंपाकघरातल्या एका नळाला पिण्याचं पाणी येतं, तर बाथरूम आणि मशीनच्या बाल्कनीत "वापरायचं", म्हणजे बोअरचं. इस्त्री कुठे भरली जाते? मशीनपाशी, जवळ पडतं म्हणून. नवऱ्याने टँक भरून दिला की मी आधी विचारते, "कुठल्या नळाचं?"

बघायचं असेल तर घरातल्या घरात बघा. स्टीलच्या दोन पळ्या घ्या, एकीत स्वयंपाकघरातलं पाणी, दुसरीत बाल्कनीतलं. मंद आचेवर दोन्ही आटवा. आमच्या बोअरच्या पळीत पांढरं कडं राहतं आणि बोट फिरवलं की बोटाला लागतं. इस्त्रीच्या पोटात रोज हेच घडतं. पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार आत राहतात.

हिशेबही करून बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे पिण्याजोगं पाणी इस्त्रीच्या दृष्टीने तिप्पट जड असू शकतं. 300 मिलिलिटरचा टँक 200 च्या पाण्याने शंभरदा भरलात तर साधारण 6 ग्रॅम क्षार आत जातात, जवळजवळ चमचाभर. 600 च्या पाण्याने 18 ग्रॅम. यातला काही भाग कणी होऊन भोकांतून पडतो, तीच तुमच्या काळ्या कुर्त्यावरची पांढरी भुकटी. उरलेला झडपेच्या सुईवर बसतो. मग सुई नीट बसत नाही आणि खटका बंद असूनही पाणी ठिबकतं.

आता काय भरायचं, काय नाही:

धरणाचं नळाचं पाणी चालतं. आरओचं गाळलेलं पाणी उत्तम. पण आरओच्या बारीक नळीतून बाहेर पडणारं, बादलीत साठवलेलं पाणी अजिबात नको. गाळून निघालेले सगळे क्षार त्यातच असतात. ते लादी पुसायला ठीक, आणि आमच्या एका ताईंनी "वाया कशाला घालवायचं" म्हणून तेच इस्त्रीत भरलं. चार महिन्यांत अर्धी भोकं बुजली. एसीचं पाणी स्वच्छ दिसतं, पण ते धुळीच्या पत्र्यांवरून आणि शेवाळलेल्या नळीतून येतं. तेही नको. बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी मिळतं, ते चालतं. फक्त बाटली वाचून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं. काही कंपन्या नुसतं डिस्टिल्ड पाणी नको, नळाचं अर्धं मिसळा, असं सांगतात. तुमच्या पुस्तिकेत जे असेल ते प्रमाण.

पाचवं: सेल्फ क्लीन, आणि ते खरंच करणं

बटणावर कुठे "सेल्फ क्लीन" लिहिलेलं असतं, कुठे "कॅल्क क्लीन". विकत घेताना सगळ्यांना हवं असतं, नंतर कुणी हात लावत नाही.

टँक "मॅक्स"पर्यंत भरा, खटका बंद. डायल सगळ्यात वर. लाइट दोनदा विझू द्या. प्लग काढा. मोरीत किंवा सिंकवर इस्त्री आडवी धरा, हात वाफेपासून लांब, आणि सेल्फ क्लीनचं बटण दाबून धरून मागेपुढे हलवा. उकळतं पाणी, वाफ आणि कण्या धडाधड बाहेर पडतात. टँक संपेपर्यंत चालू द्या. पाणी गढूळ आलं तर सगळं परत एकदा. मग कोरडी तापवून जुन्या फडक्यावर फिरवा, म्हणजे आत राहिलेलं पाणी उडून जातं.

महिन्यातून दोनदा पुरतं. बोअरचं पाणी असेल तर दर आठवड्याला. तळातली भोकं बुजलेली दिसली तर गार इस्त्रीवर लाकडी दातकोरणीने कण कोरून काढा, सुई-पिन नको, कोटिंगला चरा जातो.

सहावं: पॉइंट आणि वायर

साधी कोरडी इस्त्री 750 ते 1000 वॅटची असायची. आताच्या स्टीम इस्त्र्या 1200 ते 2400 वॅटच्या येतात. 2000 वॅटच्या इस्त्रीला जवळजवळ 9 अँपिअर लागतात. ती 6 अँपिअरच्या छोट्या पॉइंटवर किंवा मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शनवर लावली तर दोन गोष्टी होतात: पिन तापतात आणि इस्त्रीला विजेचा पुरता दाब (व्होल्टेज) मिळत नाही. 230 व्होल्टऐवजी 200 मिळाले तरी उष्णता चौथ्या हिश्श्याने घटते, आणि तुम्ही परत पहिल्या मुद्द्यावर: अर्धवट तापलेली प्लेट, थुंकणारी वाफ. त्यामुळे इस्त्री थेट मोठ्या पॉवर पॉइंटला लावून बघा. काम झाल्यावर बटण बंद करून प्लग काढा आणि त्याला हात लावा. चटका बसला किंवा पिन काळी दिसली तर दोष इस्त्रीचा की पॉइंटचा, ते इलेक्ट्रिशियन ठरवेल. अर्थिंगची जाड पिन कापून दोन पिनांच्या पॉइंटला लावायचा उद्योग कुणी केला असेल तर ती इस्त्री आजच बाजूला ठेवा.

व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड

लोक इथून सुरुवात करतात, मी शेवटी ठेवलंय. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच. मी एक चांगली इस्त्री यानेच घालवली: टँकभर व्हिनेगर, रात्रभर. सकाळी क्षार गेले होते, वाफ जोरात येत होती, मी खूश. पंधरा दिवसांनी ती कितीही तापवली तरी थुंकायला लागली.

तवा पुन्हा आठवा. फार तापलेल्या तव्यावर पाणी चर्रर्र करत नाही, त्याच्या गोट्या होऊन नाचतात. थेंबाखाली वाफेची गादी होते आणि थेंब तिच्यावर तरंगत राहतो. इस्त्रीच्या कप्प्यात हे होऊ नये, पाणी पसरून पटकन उडावं, म्हणून आत एक कोटिंग असतं. माझ्या व्हिनेगरने ते खाल्लं. त्यानंतर पाण्याच्या गोट्या नाचत नाचत भोकांतून बाहेर. त्यावर उपाय नाही.

इथे थांबायचं

यातलं काहीही दिसलं तर पुढचा प्रयोग नको:

- पाणी मुठीतून, मागून किंवा वायरीच्या मुळाशी येतंय. आतलं सील गेलंय आणि पाणी विजेच्या जोडणीजवळ आहे.
- हाताला झिणझिण्या येतात, किंवा इस्त्री लावली की घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. तो परत वर करून "बघू या" करू नका. वीज गळतेय म्हणूनच तो पडतोय.
- वायर मुळाशी सोललेली, जळका वास.
- डायल एका ठिपक्यावर असून कपडा करपतो, लाइट विझतच नाही. तापमान आवरणारा थर्मोस्टॅट चिकटलाय.
- इस्त्री एकदम मेली, लाइटही नाही, आणि पॉइंट ठीक आहे.

शेवटच्या दोन्हीत एक धोका आहे. आत थर्मल फ्यूज असतो. इस्त्री हाताबाहेर तापली की तो कायमचा तुटतो. एका दुकानात माझ्यासमोर कारागिराने तो काढून तिथे सरळ तार जोडली आणि म्हणाला, "आता ताई, ही कधीच बंद पडणार नाही." खरंच पडली नसती, टेबल पेटलं तरी. मी इस्त्री परत घेतली आणि पैसे देऊन निघाले. वॉरंटीत असेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. नसेल तर असा कारागीर, जो थर्मोस्टॅट आणि फ्यूज त्याच क्षमतेचे नवे टाकतो आणि जुने काढून हातात देतो. वायर बदलायची तर तीही त्यालाच द्या. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सामान सगळं मिळतं, पण घरी बसून जोडायचं ते काम नाही. सील किंवा प्लेट गेली असेल तर मी दुरुस्तीच्या फंदात पडत नाही.

नवी घ्यायचीच असेल तर

खोक्यावरचे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघा: वॅट आणि मिनिटाला किती ग्रॅम वाफ. माझ्या मुलीने हिशेब मांडून दाखवला. एक ग्रॅम पाणी साध्या तापमानापासून वाफेपर्यंत न्यायला सुमारे 2600 ज्यूल लागतात. मिनिटाला 20 ग्रॅम वाफ हवी तर सुमारे 870 वॅट नुसत्या वाफेतच गेले. 30 ग्रॅमला जवळजवळ 1300. तेव्हा 1250 वॅटच्या इस्त्रीवर "30 ग्रॅम" लिहिलं असेल तर पूर्ण खटका उघडला की ती दमणार आणि थुंकणार. ती अर्ध्या खटक्यावरच वापरायची असते.

बाकी माझी पसंती: गार प्लेटवर पाणी अडवणारी झडप हवीच. सेल्फ क्लीनचं बटण हवं. आयएसआय चिन्ह हवं. वायर दोन मीटरच्या आसपास, मुळाशी गोल फिरणारी. ऑटो कट असेल तर उत्तम, विसरभोळ्यांना तर हवाच. वजन दुकानात हातात धरून, मनगट फिरवून बघा. दीड किलोची इस्त्री दहा मिनिटांनी तीन किलोची वाटते. घरात शर्ट-कुर्ते एवढंच असेल तर 2400 वॅटची हौस नको, आधी घरातला पॉइंट बघा.

आणि जुनी मेलेली इस्त्री भंगारात देताना वायर मुळापासून कापून द्या, कचऱ्यातही ई-कचरा म्हणून वेगळीच. नाहीतर कुणीतरी ती उचलून, पुसून, परत प्लगला लावून बघतं.